रात्री अकरा एकोणसाठ

एप्रिल २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने जाहीर केलं की आमच्याकडे जे जे शिकवलं जातं ते आम्ही इंटरनेटवर फुकट ठेवणार. घोषणेची तारीख चार होती. तीन दिवस आधी केली असती तर जगाने ती हसण्यावारी नेली असती. टिपणं, गृहपाठ, प्रश्नपत्रिका, पुढे व्याख्यानांचे व्हिडिओ, सगळं खुलं. प्रवेशपरीक्षा नाही, फी नाही, डोनेशन नाही, मॅनेजमेंट कोट्यासाठी कोणाच्या बंगल्यावर जाऊन बसायचं नाही. फक्त पदवी मिळणार नव्हती आणि प्राध्यापक तुमच्या शंका सोडवणार नव्हते.

आपल्याकडे फुकट गोष्टीविषयी दोन प्रश्न विचारायची रीत आहे. यात त्यांचा काय फायदा? आणि, सर्टिफिकेट मिळतं का? पहिल्याचं उत्तर ‘तसा काही दिसत नाही’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ असं आल्यावर आमच्या शेजारच्या काकांनी एमआयटीचा विषय कायमचा बंद केला. काका हिशेबखात्यातून निवृत्त झालेत. ज्या व्यवहाराची पावती नाही तो त्यांच्या लेखी झालेलाच नसतो.

नुकसान त्यांचंच झालं, कारण त्यामुळे त्यांची गिल्बर्ट स्ट्रँग यांच्याशी गाठ पडायची राहिली. हे गृहस्थ एमआयटीत एकसष्ट वर्षं होते आणि मे २०२३ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी शेवटचा तास घेतला. विषय रेषीय बीजगणित, साधन फळा आणि खडू. त्यांचे व्हिडिओ जगभर कोट्यवधी वेळा पाहिले गेले. बारावीत ज्यांना मॅट्रिक्सने घाम फोडला होता, असे चाळिशीचे लोक आता रात्री जेवणं झाल्यावर स्ट्रँग लावून बसतात आणि ‘आपल्याला असं कोणी शिकवलं असतं तर’ म्हणून सुस्कारा सोडतात. त्यांना कोणी कसं शिकवलं होतं हे मला माहीत आहे, कारण आम्ही एकाच वर्गात होतो. सर चांगलं शिकवत होते. आम्ही मागच्या बाकावर फुली-गोळा खेळत होतो.

तसं फुकट विद्यापीठ आपल्या घरात शिरण्याची ही पहिली वेळ नव्हती. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ दूरदर्शनवर दिसू लागला. दिवसाउजेडी आणि इंग्रजीत. टीव्हीवर दुसरं काही नसायचं, त्यामुळे आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. आमच्या आजीने संध्याकाळच्या कार्यक्रमांची वाट पाहत, स्वेटर विणता विणता, वनस्पतिशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत बरंच काही पाहून टाकलं. तिला इंग्रजीचा गंध नव्हता. तरी ‘हा कालच्यापेक्षा बरा शिकवतो, याला स्वतःला कळलेलं दिसतंय,’ असा शेरा ती अधूनमधून मारायची. प्राध्यापकांचं इतकं नेमकं मूल्यमापन पुढे मी कुठल्याही फीडबॅक फॉर्ममध्ये वाचलं नाही.

मग २०११ साल उजाडलं. स्टॅनफर्डमध्ये शिकवणाऱ्या सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला कोर्स ऑनलाइन खुला केला आणि एक लाख साठ हजार लोकांनी नावं नोंदवली. शेवटपर्यंत पोचले सुमारे तेवीस हजार. मला मात्र या कथेतला दुसराच भाग जवळचा वाटतो. थ्रन यांच्या प्रत्यक्ष वर्गात दोनशे विद्यार्थी होते, ते हळूहळू तीसवर आले, कारण उरलेल्यांना खोलीवर पडून व्हिडिओ पाहणं जास्त बरं वाटू लागलं. स्टॅनफर्डची फी भरून! मास बंक हा केवळ आपल्याकडचा ठेवा आहे असा माझा समज होता, तो तेव्हा गेला.

या यशाने थ्रन इतके उत्साहात आले की २०१२ मध्ये त्यांनी भाकीत केलं: पन्नास वर्षांनी जगात उच्च शिक्षण देणाऱ्या जेमतेम दहा संस्था उरतील. बोलण्याआधी त्यांनी महाराष्ट्राकडे एक नजर टाकायला हवी होती. आदल्याच वर्षी आपण गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ काढलं होतं, आणि २०१९ मध्ये मुंबईत आधीच विद्यापीठं असताना डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ हे आणखी एक काढलं. भाकिताला दोन वर्षं व्हायच्या आत थ्रन स्वतःच आपल्या कंपनीच्या कोर्सेसबद्दल ‘आमचा माल भिकार आहे’ अशा अर्थाचं बोलून मोकळे झाले. आपल्याकडच्या एखाद्या शिक्षणसम्राटाच्या तोंडून असं वाक्य ऐकायला मिळालं, तर मी त्याचा जाहीर सत्कार करायला तयार आहे.

त्याच २०१२ मध्ये कोर्सेरा आणि एडएक्स हे ऑनलाइन कोर्सेसचे मंच सुरू झाले. एडएक्सचा पहिला कोर्स सर्किट्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचा. नोंदणी एक लाख पंचावन्न हजार, उत्तीर्ण ७,१५७. शंभरात पाचसुद्धा नाहीत. शिक्षणतज्ज्ञ या आकड्याने हवालदिल झाले. मराठी वाचकाला त्यात नवल वाटू नये. दिवाळीत आपण अंक घेतो, पाहुण्यांना दिसतील असे मांडतो, ‘निवांत वाचू’ म्हणतो, आणि पुढच्या दिवाळीला ते कोरेच्या कोरे रद्दीत जातात. तरी वर्षभर आपण वाचनसंस्कृतीचे पाईक असतो. ‘एनरोल’ बटणाचं काम तेच. ते दाबल्या दाबल्या माणसाला निम्मं शिकून झाल्यासारखं वाटतं. मी अशा रीतीने रोमन वास्तुकला, खगोलशास्त्र आणि पायथॉन या तिन्ही विषयांत निम्मा पारंगत आहे.

त्या ७,१५७ जणांत मंगोलियातल्या उलानबातरचा एक पंधरा वर्षांचा मुलगा होता. पैकीच्या पैकी गुण मिळवून तो पुढे एमआयटीतच शिकायला गेला. बातमी आमच्या कॉलनीत पोचली त्या आठवड्यात निम्म्या मुलांचं क्रिकेट बंद झालं. ‘बघ, मंगोलियात बसून!’ पण बातमीचा खालचा भाग कोणी वाचला नाही. त्या मुलाच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीत शिकून आलेले होते. त्यांनी शाळेतल्या मुलांचा एक वर्गच या कोर्सला बसवला होता, आणि स्टॅनफर्डचा एक संशोधक विद्यार्थी प्रयोगाचं सामान घेऊन तिथे मुक्कामाला आला होता. म्हणजे व्हिडिओ अमेरिकेतला होता, पण ‘झालं का रे?’ असं विचारणारा माणूस उलानबातरमध्ये होता. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे. पण विनोदी लेख इतक्यात संपवला तर संपादक मानधनाचा विचार करतील, म्हणून पुढे.

आपल्याकडे ‘झालं का रे?’ची व्यवस्था एनपीटीईएलने बसवली. २००३ पासून आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था मिळून हा उपक्रम चालवतात. सुरुवातीचे व्हिडिओ तासातासाचे. सर येतात, फळ्याकडे वळतात आणि तास संपल्यावर पुन्हा आपल्याकडे वळतात. मधल्या काळात त्यांची पाठ आणि समीकरणं. २०१४ मध्ये एडएक्सच्या लाखो नोंदी तपासून संशोधकांनी काढलं की व्हिडिओ कितीही लांब असो, माणूस साधारण सहा मिनिटांपलीकडे त्यात टिकत नाही. आपल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी हे संशोधन न वाचताच अमलात आणलं होतं.

माझा भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. २०२१ पासून विद्यापीठांना चाळीस टक्क्यांपर्यंत क्रेडिट ‘स्वयम’ या, एनपीटीईएलचेही कोर्स असलेल्या सरकारी मंचावरच्या कोर्सेसमधून देता येतात, त्यामुळे कॉलेजने सगळ्यांना एनपीटीईएलला बसवलंय. गृहपाठ दर आठवड्याला, मुदत बुधवारी रात्री अकरा एकोणसाठ. बारा नाही, अकरा एकोणसाठ. हे एक मिनिट आयआयटीने कशासाठी राखून ठेवलंय कोण जाणे, पण भाच्याच्या पिढीला वेळेची जी काही किंमत कळली ती त्या मिनिटामुळे. बुधवारी साडेदहापर्यंत तो सोफ्यावर पसरलेला असतो. पावणेअकराला टेलिग्रामचा ग्रुप जागा होतो. दहाव्या प्रश्नाचं उत्तर ‘ए’ की ‘सी’ यावर घनघोर चर्चा होते. कोणी तरी, ज्याला कोणीच कधी पाहिलेलं नाही, तो ‘सी कन्फर्म’ असं टाकतो. मग मतदान होतं. बहुमताने ‘सी’ ठरतं आणि शेकडो मुलं एकाच वेळी एकच चूक करतात.

‘अरे, पण व्हिडिओ पाहिलास का?’ मी विचारलं.

‘मामा, बारापैकी बेस्ट आठ धरतात,’ तो म्हणाला.

म्हणजे कोणत्या चार आठवड्यांत सरांचं तोंडही पाहायचं नाही, याचं वेळापत्रक कोर्सच्या पहिल्या दिवशी तयार होतं. पूर्ण कोर्समधलं त्याचं सर्वांत मन लावून केलेलं काम तेच. उरलेल्या आठवड्यांचे व्हिडिओ तो दुप्पट वेगाने पाहतो. एकदा तेच प्राध्यापक कुठल्याशा मुलाखतीत नेहमीच्या वेगाने बोलताना दिसले, तर भाचा कळवळून म्हणाला, ‘सरांची तब्येत बरी दिसत नाही.’

पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. व्हिडिओ फुकट, गृहपाठ फुकट, आणि शेवटच्या परीक्षेला मात्र हजार रुपये. ती घरी बसून देता येत नाही. हॉलतिकीट, ओळखपत्र, बॅगा बाहेर, समोर संगणक आणि मागे डोळ्यांत तेल घालून फिरणारा पर्यवेक्षक. गृहपाठाला २५ गुण, परीक्षेला ७५. टेलिग्रामवरचा ‘सी कन्फर्म’वाला तिथे येऊ शकत नाही. हजार रुपये भरल्याची पावती आली त्या संध्याकाळी ताईने ती फ्रिजवर लावली, आणि भाच्याने पहिल्यांदा एक व्हिडिओ नेहमीच्या वेगाने, वही घेऊन, थांबवून थांबवून पाहिला. तिसऱ्या व्हिडिओला तो आपण होऊन म्हणाला, ‘हे बेकार भारी शिकवतात, यार.’ म्हणजे सर सुरुवातीपासून भारी शिकवत होते. फक्त ते कळायला हजार रुपये लागले.

त्याला एकसष्ट टक्के पडले. घरात एरवी एकसष्ट टक्के म्हणजे दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नाही. पण एनपीटीईएलमध्ये चाळीसला पास, साठला ‘एलिट’, पंचाहत्तरला ‘एलिट’सोबत ‘सिल्व्हर’ आणि नव्वदला ‘गोल्ड’. ‘एलिट’ म्हटल्यावर ताईने पेढे वाटले. गावाकडे चौकात फ्लेक्स लागला. वर नेहमीची नेतेमंडळी, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि मध्ये भाचा, कानाला फोन लावलेला. वाढदिवसाच्या निमित्ताशिवाय लागलेला आमच्या चौकातला तो पहिला फ्लेक्स असावा.

काकांकडे वळू. त्यांना खुल्या शिक्षणाने अखेर २०२० च्या लॉकडाउनमध्ये गाठलं. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांनी जे केलं त्याची शिक्षणाच्या इतिहासात स्वतंत्र नोंद व्हायला हवी. प्रत्येक विभागाने वेबिनार घेतला. एखाद्या वक्त्याचा मेहुणा दुबईहून पाच मिनिटं बोलला की राष्ट्रीय वेबिनार आंतरराष्ट्रीय व्हायचा. व्याख्यान यूट्यूबवर थेट. शेजारी चॅटची रांग. ‘नमस्कार सर.’ ‘आवाज येत नाही.’ ‘येतोय.’ ‘खूप सुंदर विवेचन’ (वक्त्याची ओळख अजून चालूच). आणि मग पुढचा दीड तास फक्त एक प्रश्न: ‘फीडबॅक लिंक कधी?’ परस्परसंवादी शिक्षण म्हणतात ते मी इतक्या जिवंत रूपात दुसरीकडे पाहिलेलं नाही. फरक इतकाच की संवाद विषयाशी नव्हता.

त्यातही सोपी वाट म्हणजे प्रश्नमंजूषा. गुगल फॉर्मवर वीस प्रश्न, चाळीस टक्के मिळाले की ई-प्रमाणपत्र मेलवर. चाळीस मिळाले नाहीत तर पुन्हा फॉर्म भरा, कोणी विचारत नाही. काकांना हे कळलं आणि त्यांच्या आयुष्यात पुन्हा कचेरी सुरू झाली. फुकट, घरबसल्या, आणि पावती! सकाळी रेबीज, दुपारी बौद्धिक संपदा, संध्याकाळी पाणथळ जागांचं संवर्धन. प्रमाणपत्र वेळेत आलं नाही की ते संयोजकांना रीतसर स्मरणपत्र पाठवत. बिचाऱ्या संयोजकांचाही इलाज नसे. जीमेल दिवसाला ठरावीकच मेल पाठवू देतं, त्यामुळे प्रमाणपत्रं रेशनसारखी हप्त्याहप्त्याने सुटायची. काकांनी सगळ्यांचे रंगीत प्रिंट काढून अनुक्रमणिकेसह फाईल केली. ती पाहायला गेलो तेव्हा मी विचारलं, ‘काका, पाणथळ जागा म्हणजे नेमकं काय हो?’ ते म्हणाले, ‘ते प्रमाणपत्रावर लिहिलेलं नाही.’

प्राध्यापकांना मात्र यात दोष देऊ नका. त्यांची पदोन्नती अशाच कागदांवर मोजली जाते. जे मोजलं जातं ते माणूस जमवतो, मग तो कुलगुरू असो की काका.

घरात या प्रकाराकडे खऱ्या अर्थाने विद्यार्थी म्हणून पाहिलं ते आमच्या वहिनीने. तिने निवडला येल विद्यापीठाचा सुखाविषयीचा कोर्स. लॉरी सँटोस या मानसशास्त्राच्या प्राध्यापिका तो घेतात. २०१८ मध्ये येलमध्ये त्यांच्या याच विषयाच्या वर्गाला सुमारे बाराशे मुलं बसली होती, येलच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा वर्ग. त्याच वर्षी तो कोर्सेरावर आला आणि टाळेबंदीत जगभर लोक त्यावर तुटून पडले. त्यात नुसते व्हिडिओ नाहीत, दर आठवड्याला घरी करायचे प्रयोग आहेत. अनोळखी माणसाशी बोला. वहिनी म्हणाली, ‘मंडईत रोज बोलते, आणि तेही भाव पाडायला.’ एखाद्या क्षणाचा शांतपणे आस्वाद घ्या. ‘कुठला? सकाळी साडेपाचचा, की कुकर लावते तो?’ रात्री किमान सात तास झोपा. हे वाचून तिने लॅपटॉप बंद केला आणि दादाला हाक मारली. पुढचा आठवडाभर सकाळचा चहा आणि डबा दादाने केला, कारण ‘येलचा गृहपाठ आहे.’ डब्यात चार दिवस उपमा होता. कोर्सचा परिणाम खरोखर झाला असं तिचं मत आहे. दादाचं मत कोर्समध्ये विचारलेलं नाही.

या प्रयोगांमागे तथ्य आहे, बरं का. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ऑनलाइन कोर्सच्या विद्यार्थ्यांचा हिशेब मांडला. व्हिडिओ आणखी पाहण्याने जेवढी भर पडते, तिच्या सहापटीहून अधिक भर स्वतः उदाहरणं सोडवण्याने पडते. आमच्या भाचीला हे पटवून द्यावं लागलं नाही. ती सातवीत आहे. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ नावाचा उपक्रम सुरू केला. पडद्यावर खेळत करायचे विज्ञानाचे प्रयोग, सगळे फुकट, मराठीतही. त्यात विजेचं मंडल जोडायचा एक प्रयोग आहे. बॅटरीची दोन्ही टोकं सरळ तारेने जोडली की बॅटरीतून ज्वाळा निघतात. भाचीने हा शोध लावल्यावर दिवा पेटवण्याचं तिचं ध्येय तिथेच संपलं. मैत्रिणी आल्या. आळीपाळीने आगी लावण्यात आल्या. तासाभराने तिची आई ओरडली तेव्हा भाचीने तिला रोध म्हणजे काय, तो नसला की प्रवाह का बेफाम वाढतो, आणि घरातला फ्यूज कशासाठी असतो, हे सगळं न अडखळता सांगितलं. मला तिने विचारलं, ‘मामा, तुमच्या वेळी आग लावता यायची?’ आमच्या वेळी प्रयोगशाळेचं कुलूप तपासणी असली तरच उघडायचं.

दुसरं उदाहरण आमच्याच इमारतीतलं. आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रम आहे. संगणकाचा एकेक पडदा दाखवत दहा-दहा मिनिटांचे धडे, आवाज मराठीत. बाई स्वागत करतात, इथे क्लिक करा म्हणतात, आपण व्हिडिओ थांबवून तसंच करायचं, आणि शेवटी त्या निरोप घेतात. नाट्य काडीचं नाही. पण वहिनी आणि खालच्या मजल्यावरच्या तिघी जणी दर रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये एकच लॅपटॉप लावून बसल्या आणि लिबरऑफिस कॅल्क शिकल्या. कोणी आली नाही की उरलेल्या तिघी तिच्या दारात. पापड लाटायचे होते, पाहुणे होते, पाय दुखत होता, कोणतीही सबब चालली नाही. आता सोसायटीच्या देखभाल खर्चाचा हिशेब त्या चौघी ठेवतात. त्यात काकांच्या कारकिर्दीतल्या तीन चुका सापडल्या. काकांनी विचारलं, तुमच्याकडे सर्टिफिकेट आहे का?

तेव्हा वाचकहो, सरळ सांगतो. एनपीटीईएलची सत्रं जानेवारी आणि जुलैला सुरू होतात. शेकडो विषय आहेत, त्यातला एकच घ्या. नोंदणी फुकट आहे म्हणून तिच्यावर समाधान मानू नका. परीक्षेचे हजार रुपये भरा आणि पावती फ्रिजवर लावा. हजार जड वाटत असतील तर चौघांना गोळा करून रविवारी हॉलमध्ये बसा. दर बुधवारी रात्री आठ वाजता ‘झालं का?’ म्हणून फोन करेल असा एक खवचट नातेवाईक नेमा. तो प्रत्येकाकडे असतोच. आणि अर्जाची मुदत बहुधा वाढवून मिळते, पण गृहपाठाची वाढवून मिळेल या भरवशावर राहू नका.